मोठे घरगुती सामान लोकल, रेल्वे आणि एसटीने नेण्याची रीत

गादी, घडीचे टेबल, सुटा केलेला पलंग, कूलर, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, लहान फ्रिज अशा वस्तू स्वतःची गाडी नसतानाही मुंबई आणि आसपासच्या भागात लोकलने आणि पुढे गावापर्यंत रेल्वेने किंवा एसटीने नेता येतात. मात्र बहुतेक जण सगळा विचार गाडीत चढण्याचा करतात. प्रत्यक्षात वस्तू अडते ती पुलाच्या जिन्यावर, इमारतीच्या वळणावर किंवा घराच्या दारात, म्हणजे गाडीच्या अलीकडे आणि पलीकडे. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि पहिले तीन टप्पे पूर्ण होईपर्यंत दुकानदाराला पैसे देऊ नयेत.

टप्पा १ : वस्तू या मार्गाने न्यावी की नाही

दोन माणसांना उचलता येईल, सुटी करता येईल किंवा आडवी-उभी कशीही धरता येईल अशी वस्तू सार्वजनिक वाहनासाठी योग्य समजावी. फोमची किंवा कापसाची गादी, खुर्च्या, प्लायवुडचे सुटे होणारे कपाट, पंखे, शिलाई मशीनचे डोके आणि स्टँड वेगवेगळे, मोठी भांडी या गोष्टी विशेष त्रास न देता जातात. एका दाराचा १८० ते १९० लिटरचा फ्रिज साधारण ३० ते ४० किलोचा असतो. तो नेता येतो, पण त्याला पूर्ण वेळ उभाच ठेवावा लागतो.

काही वस्तूंचा मात्र हट्ट धरू नये. फ्रंट-लोड वॉशिंग मशीनमध्ये तोल राखण्यासाठी जड वजने बसवलेली असतात, त्यामुळे ते साधारण ६० किलो किंवा त्याहून जास्त भरते आणि त्याला धरायला नीट जागाही नसते. लोखंडी कपाट पोकळ असल्यामुळे हलके भासते, पण जिन्यावर त्याचा पत्रा हाताला कापतो आणि कपाट फिरवता येत नाही. मोठी काच, आरसा आणि काचेच्या माथ्याचे टेबल गर्दीत नेणे स्वतःला आणि इतरांनाही धोक्याचे आहे. अशा वस्तूंसाठी लहान टेम्पो, म्हणजे ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो, ठरवावा. टेम्पोचे भाडे अवाच्या सवा वाटत असेल, तर आधी दोन्ही टोकांची हमाली, रिक्षा किंवा टॅक्सी आणि सामानाचे तिकीट यांची बेरीज करून पाहावी. अनेकदा फरक इतका थोडा निघतो की लोकलने नेण्याचा खटाटोप निरर्थक ठरतो.

*इशारा :* भरलेला गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल, आम्ल, फटाके आणि इतर ज्वालाग्राही वस्तू रेल्वेने नेण्यास मनाई आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घर हलवताना शेगडीबरोबर सिलिंडरही घ्यावा असे सहज वाटते. तसे न करता गॅस एजन्सीकडून जोडणीची बदली करून घ्यावी.

टप्पा २ : मापे घ्यावीत, पण घराकडून दुकानाकडे

मापे घेण्यात होणारी चूक सर्वांत महाग पडते. लोक दुकानात वस्तू मोजतात आणि घरी ती कुठे ठेवायची ती भिंत मोजतात, परंतु या दोन्हींच्या मधली वाट मोजत नाहीत. मोजणी शेवटाकडून सुरू करावी. आधी घराच्या दाराची मोकळी रुंदी घ्यावी. ती घेताना दार पूर्ण उघडल्यावर चौकट आणि दाराची फळी यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढीच मोजावी, कारण दार भिंतीला अडत असेल तर दोन-तीन इंच तिथेच जातात. बाहेर सुरक्षा-दार असेल तर त्याचेही माप वेगळे घ्यावे. जुन्या चाळीत आणि चार मजली इमारतींत खरा अडथळा जिन्याच्या वळणाचा असतो. तिथे भिंतीपासून कठड्यापर्यंतची रुंदी, वळणाच्या चौकाची लांबी-रुंदी आणि वरच्या जिन्याच्या तळापर्यंतची उंची अशी तिन्ही मापे लिहून घ्यावीत.

लिफ्ट असेल तर तिच्या दाराची रुंदी, आतली खोली आणि खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप घ्यावे. पलंगाच्या साधारण सव्वासहा फुटांच्या बाजूपट्ट्या लिफ्टमध्ये सरळ उभ्या राहिल्या नाहीत, तरी अनेकदा तिरक्या जातात. नियमांचा भाग म्हणून सोसायटीच्या कार्यालयात किंवा पहारेकऱ्याकडे एवढेही विचारून ठेवावे की लिफ्टमधून सामान नेऊ देतात का आणि कोणत्या वेळेत.

त्यानंतर स्टेशनकडे यावे. आपण उतरणार त्या स्टेशनवर सरकता जिना किंवा लिफ्ट कोणत्या फलाटावर आहे, ती चालू आहे का, बाहेर पडण्याच्या वाटेवर लोखंडी खांब रोवून जागा अरुंद केली आहे का, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष चालून पाहावे. सामानासाठी सरकता जिना वापरू नये. त्याचा उपयोग एवढाच की त्यामुळे शेजारचा साधा जिना थोडा मोकळा मिळतो. दुकानाच्या बाजूचीही हीच पाहणी करावी. दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारातून पंखे किंवा कूलर घेतला तर मरीन लाइन्स आणि सीएसएमटी ही दोन्ही स्टेशने आवाक्यात आहेत, परंतु मध्य रेल्वेवर राहणाऱ्याने मरीन लाइन्सला जाऊन पुढे दादरला पूल ओलांडण्यापेक्षा सुरुवातीलाच सीएसएमटी गाठलेले बरे. तांबा काट्याच्या भांडी बाजारातून मोठी भांडी घेणाऱ्याला मस्जिद बंदर जवळ पडते. तिथली गल्ली आणि जिना मात्र सदैव गजबजलेला असतो. हातात पातेल्यांची चळत असेल तर थोडे जास्त चालून सुरुवातीच्या स्टेशनवर जाणे सोयीचे ठरते.

*तपासणी :* दुकानदार व सुतार इंचात बोलतात आणि रेल्वेचे नियम सेंटीमीटरमध्ये असतात. कागदावर दोन्ही एककांत मापे लिहावीत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. वस्तूचे बाहेरचे माप आणि वाटेतील सर्वांत अरुंद जागा यांत किमान दोन इंचांचे अंतर उरले नाही, तर ती वस्तू सुटी करण्याची तयारी ठेवावी. पुठ्ठा, दोरी आणि धरणाऱ्याची बोटे यांनाही जागा लागते.

टप्पा ३ : वजन आणि माणसे

घरी वजनाचा काटा असेल तर आधी स्वतःचे वजन करावे, मग वस्तू उचलून पुन्हा काट्यावर उभे राहावे आणि वजाबाकी करावी. नवीन वस्तूचे वजन खोक्यावर छापलेले असते. सपाट जागेवर उचलता येणारे वजन आणि पुलाच्या पायऱ्या चढताना पेलणारे वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते सवय नसलेल्या प्रौढ माणसाने जिन्यावर स्वतःच्या वाट्याला वीस किलोपेक्षा अधिक घेऊ नये. या हिशेबाने ४० किलोच्या फ्रिजला दोन माणसे पुरतात. तरीही तिसरे माणूस बरोबर घ्यावे. त्याने काहीही उचलू नये. त्याने पुढे चालून वाट मोकळी करावी, पिशव्या आणि तिकिटे सांभाळावीत आणि थकलेल्याची जागा घ्यावी.

हमाल करायचा असेल तर मोबदला आधी ठरवावा आणि कामाची हद्द स्पष्ट सांगावी: टॅक्सीपासून फलाटापर्यंत, की डब्यात ठेवून देण्यापर्यंत. मोठ्या टर्मिनसवर परवानाधारक हमालांच्या दंडावर बिल्ला असतो. सामान देताना तो क्रमांक पाहून ठेवावा. उपनगरातील लहान स्टेशनांवर हमाल मिळेलच असे धरून चालू नये.

टप्पा ४ : सुटे करणे आणि बांधणे

वस्तू सुटी करण्यापूर्वी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक जोडाचे स्क्रू, नटबोल्ट आणि वायसर वेगळ्या लहान पिशवीत घालावेत, पिशवीवर जोडाचे नाव लिहावे आणि सगळ्या पिशव्या एकत्र करून आपल्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवाव्यात. त्या वस्तूलाच चिकटवण्याची पद्धत रूढ आहे, पण गर्दीत घासून पिशवी पडली तर पलंग घरी पोहोचतो आणि उभा राहत नाही. कपाटाचे खण काढून वेगळे बांधावेत. पंख्याची पाती तीनही एकावर एक ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधावीत, कारण पात्याचा कोन किंचित वाकला तरी पंखा डोलू लागतो. कूलरची टाकी रिकामी करून एक दिवस वाळवावी. फ्रिजमधील काचेचे कप्पे आणि भाजीचा खण काढून जुन्या चादरीत गुंडाळावेत आणि दार चिकटपट्टीने न बांधता कापडी पट्टीने बांधावे. चिकटपट्टी काढताना रंग निघतो.

वॉशिंग मशीनच्या नळ्यांत थोडे पाणी उरतेच. नळी टाकीपेक्षा खाली धरून ते काढावे, नाहीतर ते डब्यात सहप्रवाशांच्या सामानावर सांडते.

गादीच्या बाबतीत प्रकार ओळखणे आवश्यक आहे. फोमची गादी घट्ट गुंडाळता येते. दोघांनी गुडघ्याने दाबत गुंडाळावी आणि तिसऱ्याने तीन ठिकाणी दोरी आवळावी. कापसाची गादी गुंडाळता येते, पण तिचे वजन तिच्या आकारावरून लक्षात येत नाही. काथ्याची गादी मात्र दुमडू नये. तिचा आतला थर मोडतो आणि मग त्या जागी कायमची घळ राहते. ती सरळच न्यावी लागते, म्हणून तिच्यासाठी जिन्याच्या वळणाचे माप पुन्हा तपासावे.

बांधण्यासाठी दोरी निवडताना पृष्ठभाग पाहावा. सुतळी घट्ट बसते, परंतु भिजून पुन्हा वाळली की ढिली पडू शकते. काथ्याची दोरी सरकत नाही, मात्र पॉलिशवर ओरखडे आणते. नायलॉनची दोरी भक्कम असते, पण गाठ सरकते, म्हणून तिला एकावर एक दोन-तीन गाठी मारून टोक आत खोवावे. सरकफास मारू नये. वजन पडताच तो आवळतो आणि बोटे अडकतात. प्रथम कोपऱ्यांवर दुहेरी पुठ्ठा बसवावा, त्यावर गोणपाट किंवा जुनी चादर घ्यावी, मग लांबीच्या दिशेने दोन आणि रुंदीच्या दिशेने दोन असे दोरीचे वेढे द्यावेत आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे पक्की गाठ मारावी.

यानंतरचे काम लोक विसरतात, ते म्हणजे मूठ करणे. गुळगुळीत खोक्याला हात कुठे घालायचा हा प्रश्न फलाटावर सुटत नाही. दोन्ही टोकांना, तळापासून सुमारे एक तृतीयांश उंचीवर, दोरीची भक्कम कडी करावी आणि तिच्यावर बागेच्या नळीचा वीतभर तुकडा चिरून चढवावा, म्हणजे दोरी तळहातात रुतत नाही. वस्तू डोक्यावरून न्यायची असेल तर चुंबळ घरून करून न्यावी. ऐन वेळी टॉवेलची केलेली चुंबळ सुटते.

पावसाळ्यात सर्वांत बाहेरून जाड प्लास्टिक हवेच. इतर ऋतूंतही गादीला आणि लाकडी वस्तूंना तळाकडून प्लास्टिक लावावे, कारण लोकलच्या मालडब्याची, म्हणजे ओझे घेऊन जाणाऱ्यांसाठी असलेल्या डब्याची, जमीन पाटीतल्या मासळीच्या पाण्याने अनेकदा ओली असते आणि तो वास गादीतून महिनाभर जात नाही.

*तपासणी :* बांधून झाल्यावर वस्तू मुठींनी उचलून घरातल्या घरात वीस पावले चालावे, एकदा खाली ठेवावी, एकदा फिरवावी. काही खडखडले किंवा दोरी सरकली तर सगळे सोडून पुन्हा बांधावे. प्रत्येक नगावर आपले नाव, मोबाइल क्रमांक आणि '३ पैकी १' अशी खूण लिहावी.

टप्पा ५ : दिवस, वेळ आणि गाडी

मुंबईत सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत मोठे सामान घेऊन चढण्याचा प्रयत्नही करू नये. उलट दिशेची गाडी त्याच वेळी बरीच मोकळी असते, पण फलाट आणि पूल तेच असल्यामुळे तिचा फायदा अर्धाच मिळतो. कामाच्या दिवशी दुपारी बारा ते दोन-अडीच हा काळ त्यातल्या त्यात बरा. त्याआधी डबेवाले आपल्या लांब लाकडी पाट्या घेऊन मालडब्यातून जातात आणि नंतर रिकामे डबे परत निघतात. ती त्यांची रोजची, घड्याळाला बांधलेली वाट आहे, तेव्हा आपण आपली वेळ बदलावी.

रविवार मोकळा म्हणून निवडला जातो. तो निवडण्यापूर्वी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास वाहतूक बंद ठेवली जाते तो, पाहावा. ब्लॉकच्या काळात धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवल्या जातात, काही स्टेशने गाळली जातात आणि फलाट ऐन वेळी बदलतो. हातात ओझे असताना फलाट बदलणे म्हणजे पूल दोनदा चढणे. शिवाय रविवारी लोहार चाळीसारखे घाऊक बाजार बंद असतात.

शक्यतो जिथून गाडी सुटते त्या स्टेशनवरून बसावे. सीएसएमटी, चर्चगेट, ठाणे, डोंबिवली, बोरिवली, विरार अशा ठिकाणी गाडी काही मिनिटे उभी राहते. मधल्या स्टेशनवर ती अर्धा मिनिटही थांबत नाही. जलद गाडीपेक्षा धीमी गाडी घ्यावी. वेळ जास्त लागतो, परंतु गर्दी कमी असते आणि उतरण्याची तयारी करायला अवधी मिळतो. वातानुकूलित लोकलमध्ये मालडबा नसतो आणि दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे तिच्याकडे पाहू नये. मेट्रोत प्रत्येक नग तपासणी यंत्राच्या बोगद्यातून जावा लागतो आणि आकारावर व वजनावर मर्यादा आहे. मोठ्या सामानासाठी मेट्रो विचारात घेऊ नये.

टप्पा ६ : तिकीट

आपले प्रवासाचे तिकीट म्हणजे सामानाचे तिकीट नव्हे, आणि मालडब्यात चढल्याने सामान फुकट होत नाही. मोफत मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या सामानाचे शुल्क प्रवासापूर्वी स्टेशनवर भरून पावती घ्यावी लागते. ती कोणत्या खिडकीवर मिळेल हे आदल्या दिवशीच्या पाहणीत विचारून ठेवावे, कारण लहान स्टेशनवर ती सोय नसेल तर सुरुवातीचे स्टेशनच बदलावे लागते. बिनपावतीचे जादा सामान तपासणीत सापडले तर नेहमीच्या दराच्या सहापटीपर्यंत आकारणी होऊ शकते. पावती, खरेदीचे बिल आणि तिकीट एकाच पाकिटात, तिसऱ्या माणसाजवळ ठेवावे. वापरलेली वस्तू विकत घेतली असेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर तारीख आणि वर्णनासह पावती लिहून घ्यावी. रस्त्यात कोणी विचारले तर ती उपयोगी पडते.

टप्पा ७ : फलाट, चढणे आणि उतरणे

गाडी येण्याच्या किमान अर्धा तास आधी फलाटावर असावे. मालडबा नेमका कुठे थांबतो हे मार्गानुसार आणि गाडी १२ डब्यांची आहे की १५ डब्यांची यानुसार बदलते. विचारत फिरण्यापेक्षा एक गाडी जाऊ द्यावी, मालडबा कोणत्या खांबासमोर थांबला ते पाहावे आणि तेवढ्याच डब्यांची पुढची गाडी असल्याचे फलकावर पाहून तिथे उभे राहावे. दिव्यांगांसाठी राखीव डबा चुकून मालडबा समजला जातो. त्यात इतरांनी चढणे दंडनीय आहे. मध्य रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसाठी काही मालडब्यांचे रूपांतरही सुरू केले आहे, म्हणून सवयीच्या जागेवर विसंबून न राहता डब्यावरची पाटी वाचावी.

*इशारा :* गाड्यांवरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो. पडद्याची नळी, अॅल्युमिनियमची शिडी, छत्रीचा लोखंडी खांब किंवा कोणतीही लांब धातूची वस्तू फलाटावर आणि पुलावर कधीही उभी धरू नये. तारेला स्पर्श झाला नाही, नुसती जवळीक झाली, तरी विजेचा झटका बसू शकतो. अशी वस्तू कमरेच्या उंचीवर आडवी धरून, पुढे-मागे एकेक माणूस ठेवून न्यावी.

गाडी थांबल्यावर उतरणाऱ्यांना पूर्ण उतरू द्यावे. मग एकाने रिकाम्या हाताने आत जाऊन दाराकडे तोंड करून उभे राहावे, दुसऱ्याने फलाटावरून वस्तूचे पुढचे टोक आत द्यावे आणि आतल्याने ओढून घेतल्यावरच मागचे टोक उचलावे. दोघांनी एकदम वस्तू धरून दारात शिरू नये. एकाचा पाय फलाट आणि पायरीच्या फटीत जाण्याचा धोका तिथेच असतो. तिसऱ्या माणसाने शेवटी चढावे. पहिल्या प्रयत्नात वस्तू अर्धी आत गेली नाही तर ती मागे घ्यावी आणि पुढची गाडी पकडावी. गाडी सुटताना धावत ढकलणे, दार अडवून धरणे किंवा वस्तू दाराबाहेर डोकावत ठेवून प्रवास करणे यांपैकी काहीही करू नये.

आत गेल्यावर वस्तू दारासमोर न ठेवता दोन दारांच्या मधल्या भिंतीला लावावी. फ्रिज असेल तर तो उभा ठेवून त्याला पाठ लावून एकाने उभे राहावे. मालडब्यात भाजीवाल्या, कोळिणी आणि रोजचे फेरीवाले यांच्या जागा ठरलेल्या असतात. आपण कुठे उतरणार हे त्यांना चढताच सांगावे. पुढचे स्टेशन कोणत्या बाजूला येणार, कुठे गर्दी शिरणार हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि सांगितले तर सामान सरकवायला हातही लावतात.

उतरण्याची तयारी एक स्टेशन आधी करावी. फलाट कोणत्या बाजूला येतो हे विचारून वस्तू त्या दाराजवळ आणावी. उतरताना क्रम उलटा: एक जण रिकाम्या हाताने आधी खाली, मग वस्तू, मग दुसरा, आणि तिसऱ्याने नग मोजून शेवटी. खाली आल्यावर लगेच पुलाकडे धाव घेऊ नये. गर्दीचा लोट ओसरेपर्यंत खांबाच्या आडोशाला थांबावे.

टप्पा ८ : लांब पल्ल्याची रेल्वे

इथे नियम लोकलपेक्षा स्पष्ट आहेत. प्रौढ प्रवाशाला सोबत विनाशुल्क नेता येणारे वजन वर्गानुसार असे: वातानुकूलित प्रथम वर्गात ७० किलो, वातानुकूलित द्वितीय श्रेणी शयनयानात ५० किलो, वातानुकूलित तृतीय श्रेणीत आणि साध्या शयनयानात ४० किलो, द्वितीय वर्गात ३५ किलो. पण वजनात बसले म्हणून सामान डब्यात चालते असे नाही. पेटी किंवा खोके १०० × ६० × २५ सेंटीमीटरपेक्षा मोठे नसावे, आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत व चेअर कारमध्ये ५५ × ४५ × २२.५ सेंटीमीटरची मर्यादा आहे. पंचवीस सेंटीमीटर म्हणजे जेमतेम दहा इंच, एवढी उंची बर्थखालच्या जागेचीच आहे. त्यामुळे मिक्सरचे खोके जाते आणि कूलर जात नाही.

यापेक्षा मोठे सामान ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यातून, पाठवावे लागते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी नोंदणी व्हावी असा नियम आहे, परंतु तोलणे, चिठ्ठी लावणे आणि रांग लक्षात घेऊन दोन-तीन तास आधी पोहोचावे. नोंदणीपूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. आपल्या उतरण्याच्या स्टेशनवर ती गाडी सामान उतरवण्याइतका वेळ थांबते का, आणि तिथे सामान सोडवून देणारे कार्यालय उघडे असते का. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या लहान स्टेशनवर दोन मिनिटांच्या थांब्यात ब्रेकव्हॅन उघडून फ्रिज उतरवला जाईल अशी अपेक्षा धरू नये. जवळच्या मोठ्या स्टेशनपर्यंत नोंदणी करून तिथून एसटी किंवा टेम्पो करावा.

सामानाची किंमत जाहीर करून त्यावरचे जादा शुल्क भरले नाही, तर नुकसानीची भरपाई वस्तूच्या किमतीवर न ठरता वजनावर ठरते आणि फार कमी मिळते. नवीन उपकरण असेल तर किंमत जाहीर करावी. गाडी पोहोचल्यावर सामान वेळेत सोडवून घ्यावे, उशिरासाठी वेगळे शुल्क लागते. पावतीवर सही करण्यापूर्वी बांधणी उसवली आहे का, कोपरे चेपले आहेत का ते पाहून, तसे असल्यास तिथेच लेखी नोंद करून घ्यावी.

टप्पा ९ : एसटी

एसटीत सामान जाईल की नाही हे त्या दिवशी येणाऱ्या बसवर अवलंबून असते, कारण डिकीचे माप बसच्या प्रकारानुसार बदलते. साधी बस, शिवशाही आणि शिवनेरी यांत सामानाची जागा सारखी नसते. आदल्या दिवशी आगारातील वाहतूक नियंत्रकाकडे त्या फेरीला साधारण कोणती बस लागते आणि सामानाचे तिकीट कसे आकारले जाते ते विचारावे. बस सुटते त्या स्थानकावरूनच चढावे. महामार्गावरच्या फाट्यावर हात दाखवून थांबवलेल्या बसला डिकी उघडण्याची सक्ती करता येत नाही. वाहकाला सामान दाखवून त्याने होकार दिल्यावरच ते उचलावे आणि त्याच्याकडून सामानाचे तिकीट मागून घ्यावे.

डिकीत वस्तू प्रवासाच्या दिशेला आडवी ठेवू नये. घाटातल्या वळणांवर ती एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटते. लांब बाजू बसच्या लांबीला समांतर ठेवून दोन्ही अंगांना गोणपाट किंवा कपड्यांची बोचकी कोंबावीत. आत बसच्या मार्गिकेत किंवा संकटकालीन दारासमोर सामान ठेवण्याचा आग्रह कधीही धरू नये. गणपती, शिमगा, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत डिकी प्रवाशांच्या पिशव्यांनीच भरते, त्यामुळे गावी नेण्याचे मोठे सामान त्याच्या दोन-तीन आठवडे आधी पोहोचवावे. फाट्यावर उतरायचे असेल तर तिथे माणूस उभा राहील अशी व्यवस्था करून वाहकाला आधीचा थांबा येताच आठवण द्यावी.

टप्पा १० : स्टेशनपासून घरात

रिक्षात वस्तू बसते का हे रिक्षा उभी करून मोजता येत नाही, म्हणून ओळखीच्या रिक्षेचे माप आधीच घ्यावे. दक्षिण मुंबईत, माहीम आणि शीवच्या पलीकडे, रिक्षा नाहीत. तिथे कॅरिअर असलेली टॅक्सी पाहावी आणि कॅरिअरवर बांधताना दोरी आपली वापरावी. घर स्टेशनपासून जवळ असेल तर हातगाडी सर्वांत सोयीची पडते, कारण वस्तू एकदाच उचलावी लागते.

जिन्यावर वस्तू चढवताना उंच आणि ताकदवान माणूस खाली असावा, कारण बहुतेक भार त्याच्याकडे येतो. वर चालणाऱ्याने उलटे न चढता शक्य तिथे कडेने पाऊल टाकावे आणि प्रत्येक वळणावर 'थांब' म्हणून वस्तू टेकवावी. वळणावर वस्तू आधी उभी करावी, मग फिरवावी, मग पुन्हा तिरकी करावी. फिरवता फिरवता चढल्यामुळेच भिंतीचा रंग आणि बोटांची कातडी जाते.

घरात आल्यावर फ्रिज लगेच चालू करू नये. तो पूर्ण वेळ उभा आला असला तरी तीन-चार तास तसाच ठेवावा, आणि वाटेत काही काळ आडवा करावा लागला असेल तर एक दिवस उभा ठेवून मग लावावा, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांतून परत खाली उतरते. वॉशिंग मशीनची नळी जोडल्यावर पहिली फेरी कपड्यांशिवाय घ्यावी आणि जोडावर कोरडा कागद फिरवून गळती पाहावी. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी तो कोरडाच पाच मिनिटे चालवावा. पंखा टांगल्यावर सर्वांत कमी वेगावर तो डोलतो का ते पाहावे. गुंडाळून आणलेल्या फोमच्या गादीला पूर्ण फुलायला एक दिवस लागू शकतो, तोवर तिच्यावर झोपू नये. पलंग जोडताना सगळे नटबोल्ट आधी हाताने सैल बसवावेत, चौकट काटकोनात आल्याची खात्री करावी आणि मगच पान्याने आवळावेत.